थांबा, रावसाहेब

सांगलीत आज्ञातंतू बसवलेल्या कुत्र्याचं आता कुणाला नवल उरलं नव्हतं. तरी भूपाल मगदूम आपल्या कुत्र्याशी बोलू लागले की शेजारी हसत, कारण ते त्याला अहोजाहो करत. कामावर ठेवलेल्याला अरेतुरे करू नये, असं त्यांचं म्हणणं. आईला मात्र जन्मभर अगंतुगं केलंत, हा त्यावर शीतलचा, त्यांच्या मुलीचा, ठरलेला टोमणा.

त्या सकाळी भूपालअप्पा दही आणायला निघाले. दारात वळून त्यांनी तळहात दाखवला. “रावसाहेब, थांबा.”

कुत्रा पायपुसण्यावर बसला.

“आणि मी?” शीतलने आतून विचारलं.

“तू चहा टाक.”

डेअरीच्या पायरीवरच ते कोसळले, तिथूनच त्यांना दवाखान्यात नेलं.

पूर्वी कुत्र्याला ‘बस’ शिकवायला महिने जात, आणि समोरून मांजर गेलं की सगळं शिक्षण वाया जाई. कुत्र्याच्या मेंदूत आज्ञा फार काळ टिकत नाही. आज्ञातंतू ही मेंदूत बसवलेली, केसाहून बारीक तार त्या आज्ञेला विझू देत नाही. मालकाने सुटकेचा शब्द उच्चारला की मगच आज्ञा मावळते. रावसाहेब आधी बसायला, थांबायला, तोंडातली वस्तू सोडायला शिकला. मग औषधांचा डबा आणायला आणि शेवटी अप्पांची साखर उतरू लागली की वासावरून ओळखायला. चोरांनी ध्वनिमुद्रण ऐकवून कुत्रे पळवू नयेत म्हणून तंतू आवाजाबरोबर मालकाच्या श्वासाचा गंधही तपासत असे. अप्पांचा सुटकेचा शब्द साधा होता. ते म्हणत, “झालं. मोकळे व्हा.”

त्या दिवशी ते म्हणायला कुणी परत आलं नाही.

अप्पांच्या अस्थी कृष्णेत सोडून झाल्या, पाहुणे पांगले, तरी कुत्रा पायपुसण्यावरच होता. वाटी पुढे सरकवली तर दोन घास खाई. उचलून आत नेलं की थरथरत परत तिथेच जाऊन बसे. कोपरांना जखमा झाल्या होत्या.

डॉ. शहनाज मुजावर घरी येऊन त्याला तपासून गेल्या. जाताना शीतलने विचारलं, “दुःख करतोय का तो?”

“नाही ताई. दुःख करायला माणूस गेलंय हे कळावं लागतं. याच्या लेखी अप्पा आत्ताच बाहेर पडलेत. प्रत्येक क्षणी, आत्ताच.”

“मग तार काढून टाका.”

डॉक्टरांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी समजावलं, की तंतू ज्या स्मृतीला धरून वाढतो ती मालकाच्या आवाजाची आणि गंधाची असते. तार निघताना ती मागे राहत नाही. तशीच ठेवली तर कुत्रा फार दिवस काढणार नाही.

“तुम्हाला ओळखेल तो,” त्या म्हणाल्या. “अप्पांना नाही.”

शीतल दिवसभर उंबऱ्यात, कुत्र्याशेजारी बसून राहिली. अप्पा दही आणायला गेलेत असं मानणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी तिने डॉक्टरांना होकार कळवला.

शस्त्रक्रियेनंतर रावसाहेब घरी आला तो लंगडत, पण स्वतःच्या मनाने चालत. पायपुसणं ओलांडून आत गेला. खुर्चीवर अप्पांचा पंचा तसाच होता. शीतलने तो मुद्दाम धुतला नव्हता. कुत्र्याने तो हुंगला, जसा कुणाही परक्याचा हुंगावा, आणि परसात उन्हात जाऊन पडला.

“अप्पा,” ती हलकेच म्हणाली. त्याचा कानही हलला नाही.

दवाखान्यात अप्पांचा श्वास यंत्रावर चालू होता तेव्हा ती त्यांचा हात धरून सारखी एकच विनवणी करत होती: अप्पा, थांबा. यंत्र फक्त धरून ठेवतंय, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी ती म्हणत राहिली. आणि अप्पा, किती तरी दिवस, थांबले होते.

तिने पंचा उचलून मांडीवर घेतला, घडी घातली.

“झालं, अप्पा,” ती म्हणाली. “मोकळे व्हा.”