बंदी उठली

रविवारी सोलापूरला फायनल होती आणि गुरुवारी दुपारी गेमने मला हाकलून दिलं. पडद्यावर एकच ओळ आली: फसवणूक आढळल्यामुळे खातं बंद. अणदूरच्या आमच्या घरात, आईच्या शिलाई मशीनला खेटून बसून मी तीन वर्षं नेम घोटला, त्याचं हे बक्षीस. माझं डोकंच फिरलं.

त्याहून राग आला तो आमच्या कॅप्टनचा, उत्कर्षचा. कुठलं सॉफ्टवेअर वापरत होतीस, असं त्याने सगळ्या टीमसमोर विचारलं. पोरगी इतकी नेमकी मारते म्हणजे काहीतरी घातलेलंच असणार, नाही का? मी त्याला सरळ खंडोबाच्या देवळात नेलं. आमचा देव आळीपाळीने दोन गावांत राहतो, त्या महिन्यात तो आमच्याकडेच होता. बेलभंडार उचलून शपथ घेतली आणि म्हणाले, "मी माझ्याच हातानं खेळले. दुसऱ्या कुणाचा हात न्हाय त्यात." उत्कर्षने मान खाली घातली.

कंपनीला बेलभंडार कळत नाही. तिचा पहारेकरी प्रोग्रॅम कॉम्प्युटरसोबतच जागा होतो. मागे काय काय चालू आहे ते तपासतो, माऊस कसा हलतो तेही पाहतो. माणसाचा हात नेमाच्या जरा पुढे जाऊन मागे येतो, यंत्र थेट जातं. मी तक्रार केली. उत्तर आलं की सॉफ्टवेअर सापडलं नाही, हात माणसाचेच आहेत. पण या एका खात्यावर दोघे खेळत आहेत.

घरात मी आणि आई. आईला माऊस धरताही येत नाही. मी तणतणत उत्कर्षला बोलावलं. गेममधल्या सरावाच्या मैदानात खातं लागत नाही, तिथे खेळले आणि त्याला शूट करायला लावलं: माझा चेहरा, हात, पडदा, सगळं.

व्हिडिओ हळू करून पाहिला. शत्रू भिंतीआडून निघायच्या आधीच माझा उजवा हात वळत होता. डोळे मागाहून वळत होते. दर वेळी.

"शुभे, तू अजून बघितलं बी न्हाईस," उत्कर्ष हळूच म्हणाला. "मग मारतंय कोण?"

मी त्याच्यावर खेकसले. हाताला सवय असते, म्हणाले. व्हिडिओ तसाच कंपनीला पाठवला. लपवायला माझ्याकडे होतं काय?

शनिवारी दुपारी मेल आला. मी निर्दोष होते. झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी, खातं पुन्हा चालू. बंदी फक्त दुसऱ्या खेळाडूवर, कायमची.

मी तो उत्कर्षला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. ऐक म्हटलं, नीट ऐक. त्याने माफी मागितली आणि स्वतःच गेम उघडून दिला. मी खुर्चीत बसले.

उजवा हात मांडीवर होता.

उचलायला गेले. उचलला नाही.

डाव्या हाताने मनगट धरून मी तो माऊसवर आणून ठेवला आणि त्याला शिवी हासडली.

हात मुकाट्याने उठला आणि परत मांडीवर जाऊन बसला.