मुठीची पावलं

पोलादपूरच्या स्टँडवर ती पिशवी माझ्या पायावर आपटली नसती, तर मी आज सुखात असते.

पिशवीत गोष्टींची पुस्तकं होती. पिशवीवाला शौनक, महाडच्या वाचनालयातला.

"लागलं का?"

"पाय माझा हाय, तुम्ही पुस्तकं कसली उचलताय?"

तो हसला... आणि मेलं, तिथंच माझं बिनसलं.

मी कुडपणची बालवाडी चालवते हे कळल्यावर त्यानं पिशवी माझ्याच हाती दिली. पोरांना गोष्ट सांगायची आणि रानातलं काहीबाही आणून त्यातलंच काही करून घ्यायचं. कासवाची गोष्ट असली की करवंटीचं कासव, खारीची असली की काथ्याची खार. दर शनिवारी मी ते घेऊन स्टँडवर उतरायचे. तो ते महाडला नेऊन वाचनालयात दोरीवर टांगायचा.

"सेजलबाई, या खारीला शेपट्या दोन कशा?"

"एक वाऱ्यानं उडाली तर?"

"आणि बाई उडाल्या तर?"

"मग मलाबी टांगा तुमच्या दोरीवर."

पुढं तो नुसतं 'सेजल' म्हणू लागला. त्या दिवशी मी घरी येऊन भाजीत दोनदा मीठ घातलं.

जूनमध्ये पोरं गेली. सातच्या सात. आईबापांनी मुंबईच्या शाळेत घातली. पोरं नाहीत तर पिशवी नाही, असा वाचनालयाचा नियम. आणि पिशवी नाही तर शौनक नाही. मी पोरं गेल्याचं त्याला कळूच दिलं नाही. रिकाम्या बालवाडीत डाव्या हातानं पानं वाकडीतिकडी कापायची, डिंक मुद्दाम सांडायचा, खाली लिहायचं... स्वराज, वय चार. ओवी, वय पाच. करताना रडू यायचं, पण शनिवारी वेणीत फूल असायचंच.

मग अस्वलाच्या पिल्लाची गोष्ट आली. पोरांचे पाय तांबड्या मातीत बुडवून कागदावर पावलं उठवायची होती. पाय कुठून आणू? मूठ वळून बाजूनं टेकवली, वर बोटानं पाच ठिपके दिले.

शौनक कागदाकडे बघतच राहिला.

"आमची आई गोकुळाष्टमीला बाळकृष्णाची पावलं अशीच काढते. मुठीनं." मग हळूच म्हणाला, "पोरं कुठायत?"

"नाय. जूनपासून एकबी नाय."

"मग हे सगळं...?"

"तुम्ही यावं म्हणून."

बोलून टाकलं एकदाचं. जीव हलका होईल वाटलं होतं, झाला नाही.

त्यानं खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. "महाडच्या पोरांनी स्वराजला, ओवीला लिहिल्यात. उद्या त्यांना भेटवायला वर आणणार होतो. आता काय सांगू त्यांना?"

मी हात पुढं केला, पण त्यानं गठ्ठा परत खिशात घातला.

"मी पिशवीशिवायही आलो असतो, बाई," तो म्हणाला. "एकदा बोलावलं असतंत तर..."

सेजल नाही, बाई. मग तो गेला.

पुढच्या शनिवारी पिशवी न्यायला वाचनालयाचा शिपाई आला. मी आदल्या दिवशी उजवा पंजा मातीत बुडवून कागदावर उठवला होता, पाचही बोटं उघडी. खाली लिहिलं होतं... सेजल, वय चोवीस. या.

"शौनक सरांना द्या," मी म्हटलं.

"सरांनी हा रस्ता सोडला, बाई. आता माणगावकडं असतात," तो म्हणाला, आणि न बघताच कागद पुस्तकांत कोंबला.