दारावरची तुळई

इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला, त्याच्या पुढल्या साली साखर पेठेतनं काशम्माचं बोलावणं आलं. दारावरच्या तुळईला वाळवी लागली होती. घर पुढून पक्क्या विटेचं, मागं निव्वळ माती. असली घरं बघितली की माझं डोकंच उठतं. नुसता दिखावा!

गिलावा फोडला, तर तुळई भुशासारखी हातात आली. पार आरपार. वर छातीएवढी विटांची भिंत, खाली काहीच नाही. आणि एक वीट हललेली नव्हती.

माझी पाचावर धारण बसली. "काशम्मा, आधी माणसं बाहेर काढ!"

"कुटं काढू? माझी लेक ईरी बाळंतीण हाय. बारशाआदी आमच्यात उंबरा वलांडत न्हाईत."

"भिंत बारशापातूर थांबंल व्हय?"

ती ऐकेना. मी दाराखाली टेकू लावले, पाचर ठोकली. तरी टेकू नुसत्या बोटानं हलत होते. भिंतीचा भार त्यांच्यावर येतच नव्हता.

काशम्मा उंबऱ्याशी बसून बघत होती. "मालकांनी धरलीया," ती म्हणाली.

तिचा नवरा नागप्पा दोन सालांखाली वारला होता. हे घर त्याच्याच हातचं.

"त्यास्नी सोड म्हनू नगा, मिस्त्री. त्येंच्या जागी घरातलंच कुनीतरी लागंल."

"लोखंड लागंल, दुसरं काय!" मी तापलो. रेल्वेच्या रुळाचा तुकडा दोन्हीकडं वीतभर भिंतीत घालून बसवला. तोही खुळखुळत राहिला. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. आत मूल रडरड रडत होतं. ऊन, भूक आणि भीती, सगळ्याचा मला राग आला. मी वर तोंड करून ओरडलो, "नागप्पा, सोडा की आता! रूळ घातलाय!"

काशम्मानं कपाळावर हात मारला.

विटांच्या फटीतनं लाल भुकटी गळली. माझ्या डोक्यावर कुणीतरी लांब श्वास सोडला.

आतलं मूल गप्प झालं.

मी रूळ चाचपला. अजून सैलच.

"आई," ईरम्माची हाक आली, "बाळाचं हात खाली येईनात गं."

बाळंतिणीच्या खोलीत परक्या पुरुषानं जाऊ नये. मी गेलो.

मूल टक्क जागं होतं. दोन्ही हात डोक्यावर ताठ, तळवे वर उघडे. मनगटं थरथरत होती.

मी हळूच एक हात खाली घ्यायला गेलो.

दारावरची भिंत करकरली.

मी बोट काढून घेतलं, तशी ती थांबली.