सुटे सात

विक्रीचा अंदाज बांधणं हे तिचं काम. नवा व्हिडिओ गेम बाजारात आला की पहिल्या दिवशी किती प्रती जातील, ते ती आधी सांगायची. ‘आकडा लावण्यात बाई पटाईत,’ असं ऑफिसात तिला चिडवत. तरी दहा-वीस हजारांनी तीही चुकायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

या वेळचा गेम मोठा होता. तीनशे माणसं पाच वर्षं त्यासाठी राबली होती. तिच्या धाकट्या भावानेही मागणी आगाऊ नोंदवली होती. पाय प्लास्टरमध्ये, दोन महिने घरात बसून बिचारा कंटाळला होता.

“ताई, माझी एक प्रत तुझ्या आकड्यात धर हं,” तो म्हणाला.

“धरली रे बाबा,” म्हणत तिने त्याला टपली मारली. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलं होतं. त्याच्यावर तिचा फार जीव होता.

शेवटच्या आठवड्यात ती रोज सकाळी त्या दिवसाच्या आगाऊ मागणीचा अंदाज कागदावर लिहायची. सोमवारी तो अगदी एककापर्यंत बरोबर आला. मंगळवारीही आला. बुधवारी तिने मुद्दाम, मनाला येईल तो आकडा ठोकून दिला. संध्याकाळी ऑफिसातल्या पडद्यावर तोच होता.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

“साहेब, अंदाज थोडा तरी चुकायला हवा हो.”

“लोक चुकला म्हणून रडतात, तू बरोबर आला म्हणून रडतेस!” साहेबांनी तिचा कागद पुढे ओढला. पहिल्या दिवसासाठी तिने लिहिलं होतं, एकतीस लाख चाळीस हजार सात. “आणि हे सुटे सात कशाला लटकवलेस? गोल कर.”

साहेबांचा शब्द मोडणं तिला जमणारं नव्हतं. तिने सात खोडला, शून्य घातलं, खाली सही केली.

गुरुवारी सकाळी विक्री सुरू झाली. प्रत घरी पोचली की मगच ती विकली धरायची, असा त्यांचा नियम. दुपारी तीनला मोठ्या पडद्यावरचा आकडा एकतीस लाख चाळीस हजारांवर आला आणि थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती बघत राहिली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. एरवी तो आकडा क्षणभरही स्थिर नसायचा.

साडेतीनला गोदामातला माणूस सात खोकी घेऊन वर आला.

“बाई, ही परत आली. सातही याच शहरातली. त्या पत्त्यांवर या नावाचं कुणी राहत नाही म्हणे.”

सातव्या खोक्यावर तिच्या घराचा पत्ता होता.

कागद काढून तिने त्या शून्यावर सात गिरवला. पुन्हा पुन्हा गिरवला. पडदा हलला नाही.

खोकं काखेत मारून ती धावतच निघाली. टॅक्सीतून तिने भावाला फोन लावला.

“अरे, गेम घेऊन माणूस आला होता का?”

“आला होता ना. मी कुबड्या घेऊन दारातच उभा होतो, ताई. हाकाही मारल्या. त्याने बघितलंच नाही माझ्याकडे.” त्याने आवाज खाली आणला. “बाबासुद्धा मघापासून बोलत नाहीयेत माझ्याशी.”

“फोन ठेवू नकोस. पोचतेच मी. बोलत राहा.”

तो बोलत राहिला. ती तीन जिने चढली. घंटा वाजवली.

बाबांनी दार उघडलं. “आज लवकर आलीस?”

ती धापा टाकत उभी राहिली. काखेत खोकं होतं. ऑफिसचंच असणार. एवढं धावत यायचं काय कारण होतं, ते तिला आठवेना.

“सहजच, बाबा.”

हातातल्या फोनवर कुणीतरी अजून बोलत होतं. घाबरलेला, कोवळा आवाज. “ताई? ताई, मी इथेच आहे, तुझ्या समोर.”

“कोण आहे गं?” बाबांनी विचारलं.

“कुणी नाही. राँग नंबर,” ती म्हणाली, आणि तिने फोन बंद केला.