उलटे बांधलेले पॅड

शनिवारी दुपारी टिल्लीला हॉकीच्या सरावाला सोडायचं आणि संपला की घेऊन यायचं, एवढंच काम. बाकीच्या आया मुलींना फाटकाशी उतरवायच्या आणि बाजार उरकायला निघून जायच्या. टिल्लीच्या आईला ते जमायचं नाही. ती सराव संपेपर्यंत रिकाम्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर पर्स मांडीवर घेऊन बसून राहायची. "तू प्रेक्षक नाहीस, पहारेकरी आहेस," असं नवरा म्हणायचा. तिलाही ते पटायचं. पण पटलं म्हणून काळजी थोडीच सुटते?

त्यात टिल्ली आता गोलकीपर झाली होती. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून हिने हात वर केला. आठ वर्षांची काडीपैलवान पोर! तिच्या पायांना फोमचे जाडजूड पॅड बांधायचे, बुटांवर किकर म्हणजे फोमच्या जाड खोळी चढवायच्या, छातीला चिलखत, डोक्याला जाळीचं हेल्मेट. एवढं सगळं चढवल्यावर आत मूल आहे की लोड, हे सांगता येऊ नये. शिवाय हे सगळं स्वतःचं स्वतःला काढता येत नाही. कुणीतरी बांधावं लागतं, कुणीतरी सोडावं लागतं.

त्या दिवशी प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या किट रूममध्ये आईने गुडघे टेकून पॅड बांधले. खोलीत ओल्या रबराचा आणि शिळ्या घामाचा वास कोंडला होता.

"आई, घट्ट होतंय."

"घट्टच हवं. आणि ऐक, आज शेवटचा दिवस. पुढच्या आठवड्यापासून गोलमध्ये उभं राहायचं नाही. चेंडू आहे की दगड तो!"

टिल्लीने ओठ घट्ट मिटले. हेल्मेट खाली ओढलं आणि एक शब्द न बोलता फताक फताक चालत निघून गेली. तिचा अबोला म्हणजे बापावर गेलेला. संध्याकाळपर्यंत सुटायचा नाही.

आई पायऱ्यांवर जाऊन बसली. आभाळ भरून आलं होतं. आपण चुकलो का, हा तिचा नेहमीचा प्रश्न तिने नेहमीप्रमाणे चघळायला घेतला. चघळता चघळता तिचा डोळा लागला असावा. पहारेकरी झोपला, असं म्हणा हवं तर.

जाग आली ती लांबलचक शिट्टीने. निळ्या टर्फवर, त्या प्लास्टिकच्या गवतावर, कुणी नव्हतं. सराव संपला होता आणि पुढे मोठ्यांचा सामना होता. सामन्याआधी टर्फ भिजवतात. कोरड्या टर्फवर चेंडू अडखळतो, पडणाऱ्याचे गुडघे सोलतात. पंपवाले काका आधी शिट्टी देऊन सगळ्यांना बाहेर काढतात आणि मग कडेच्या उंच नळ्यांमधून पाण्याचे फवारे सोडतात. ते फवारे साधेसुधे नसतात. मोठा माणूसही त्यांच्यासमोर हेलपाटतो.

आणि पलीकडच्या गोलमध्ये टिल्ली उभी होती. हेल्मेट, पॅड, सगळं अंगावर तसंच. हात खाली सोडलेले. एकटीच.

"टिल्ली! बाहेर ये!"

ती हलली नाही. पंप घरघरला. आईने पर्स टाकली, कठड्यावरून उडी मारली आणि थेट मैदानात धावली.

"अहो ताई!" काका ओरडले. "पाणी सोडलंय! मैदान रिकामं आहे, कुठे चाललात?"

रिकामं! म्हाताऱ्याचे डोळे गेले की काय, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात पहिला फवारा पाठीत बसला. धडपडत, घसरत ती गोलपर्यंत पोचली, तिने ते जाड हातमोजे पकडले आणि पोरीला ओढत थेट किट रूममध्ये आणलं.

धाप लागलेली. बाहेर पाण्याचा मारा चालू होता, छत घुमत होतं. खोलीतला दिवा लागेना. दारातून येईल तेवढाच करडा उजेड. तिने पोरीला बाकावर बसवलं आणि तिच्यासमोर गुडघे टेकले.

"एवढा राग? आईवर एवढा राग धरतात का गं?"

हेल्मेटची मान खाली.

तिने उजव्या पायाच्या पॅडची बकलं चाचपली. बाहेरच्या बाजूला हवी होती, ती आतल्या बाजूला होती. म्हणजे आपण डावा पॅड उजव्या पायाला बांधला होता! पोर बिचारी सगळा वेळ अशीच खेळली. तिला रडूच आलं.

"बघ, तुझ्या आईला साधे पॅडही बांधता येत नाहीत. चुकलं माझं. खेळ तू, हवं तेवढं खेळ. मी अडवणार नाही. आता घरी चल. माझीच आहेस ना तू? चल माझ्याबरोबर."

हेल्मेट हललं. हळूच. हो म्हटल्यासारखं.

पहिला पॅड सुटला. "दे आता दुसरा पाय," ती म्हणाली, आणि खिशातला फोन थरथरला. सराव घेणाऱ्या कोचताईंचा नंबर. तिने ओल्या बोटांनी कसाबसा कानाला लावला.

"आई, कुठे आहेस गं तू? मी केव्हाची कॅन्टीनमध्ये बसलेय."

तिने फोन कानापासून दूर धरून नंबर पुन्हा पाहिला.

"आई? ऐकू येतंय का? पॅडबिड सगळं काढलं ताईंनी. इथेच खुर्चीवर ठेवलंय. आणि तू ना, उलटे बांधले होतेस! सगळ्या हसल्या मला. मग ताईंनी सरावाआधीच सोडून नीट बांधून दिले…"

आईच्या केसांतून पाणी गळत होतं. तिच्याखाली फरशीवर तळं साचलं होतं. समोरच्या पॅडवर… हातमोज्यांवर… हेल्मेटवर एक थेंब नव्हता. सगळं कोरडं ठणठणीत.

आणि दुसरा पाय पुढे आला. शहाण्या मुलीने द्यावा तसा. तिच्या हातापाशी येऊन थांबला… वाट बघत.

ती कशी उठली, दार कुठे होतं, तिला आठवत नाही. कॅन्टीनच्या ट्यूबलाइटखाली टिल्ली पाय हलवत बसली होती, तिच्यावर जाऊन ती अक्षरशः कोसळली. पोरीचा चेहरा, कान, कोपर, सगळं चाचपून पाहिलं.

"आई, ओली आहेस तू! शी!"

कोचताईंनी आईला पाणी दिलं. मग स्वतः टॉर्च घेऊन किट रूम पाहून आल्या. परत आल्या त्या टॉर्च बंद करत.

"काही नाहीये तिथे. फरशीवर तुमच्या अंगावरून गळलेल्या पाण्याचं तळं आहे, बस. घाबरला होतात तुम्ही. डोळा लागला होता ना तुमचा?"

"हो," आई म्हणाली. लागला होता खरा. आयुष्यात पहिल्यांदाच आपण नुसतंच घाबरट ठरावं, वेडं ठरावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

पार्किंगमध्ये त्या घटकेला दुसरं कुणी नव्हतं. तिने स्कूटर स्टँडवरून काढली. टिल्ली मागे बसली, आईच्या कमरेला मिठी घातली. त्या दोन इवल्याशा, उबदार हातांनी आईच्या जिवात जीव आला. पण फाटकातून बाहेर पडताना तिला वाटलं, स्कूटर आज फार जड चाललीय. टायरमधली हवा कमी असेल. असेलच.

"आई, थोडी पुढे सरक ना."

"का गं? एवढी तर जागा आहे तुला."

"मला आहे," टिल्ली म्हणाली. "हिला पुरत नाहीये."