झऱ्याला सांगितलेलं नाव

पाण्याचं पिंप माझ्या गाडीच्या हौद्यातून घरंगळलं आणि थेट एका मिनीबससमोर जाऊन पडलं. बस करकचून थांबली. लाल धुळीचा लोट उठला... आणि त्यातून एक आवाज आला.

"तुमचं पिंप पळून चाललंय!"

"पळू दे. माझ्या गाडी चालवण्याला कंटाळलंय ते."

तो हसत खाली उतरला. रुंद खांदे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना खोबरेल तेल. आमच्या गावच्या मांसाच्या कारखान्यात प्रशांत महासागरातल्या किरिबाटी बेटांवरची बरीच मंडळी कामाला आहेत. ती रविवारची प्रार्थनेला निघाली होती. निम्मं सांडलेलं पिंप त्याने उचललं तेव्हा शर्टाची पार दशा झाली.

"तेबाऊ, चर्च इकडे आहे!" बसमधून कुणीतरी ओरडलं.

"देवाला सांगा, पाणी पोचवून येतो."

आणि न विचारताच तो माझ्या शेजारी येऊन बसला.

"कुठे चाललंय हे पाणी?"

"झऱ्यावर. आमची छावणी आहे तिथे."

"झऱ्याला पाणी नेता?"

"त्या झऱ्याच्या पाण्यात आम्ही भांडी घासत नाही," मी म्हटलं.

त्याने हसू आवरून मान डोलावली. थट्टा कुठे थांबवायची हे कळणारा माणूस... मी मान न वळवता नोंद घेतली.

झरा आमच्या आदिवासी लोकांचा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या या कोरड्या मुलखात आमच्या साऱ्या कथा त्या पाण्यापासून सुरू होतात. एका गॅस कंपनीला त्याच्या अंगाला बोअर मारायचे होते, म्हणून थंडीच्या दिवसांपासून आम्ही तिथल्या फाटकासमोर ठाण मांडून होतो. डेल्सी आत्या आमची म्होरकी. खुर्चीतून न उठता तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कुणाचा रे तू?"

"बेटावरचा, आत्या. किरिबाटीचा."

"काय आहे तिथे?"

"नारळ आहेत, मासे आहेत. आणि समुद्र... तो आता घरातच असतो."

आत्या उठली. त्याला झऱ्यावर नेलं, मूठभर वाळू तळव्यात चोळून घामासकट पाण्यात टाकायला लावली. मग आमच्या भाषेत पूर्वजांना हाक मारून म्हणाली, "हा तेबाऊ. पाहुणा आहे. ओळख ठेवा."

त्याने ओंजळभर पाणी प्यायलं आणि ओल्या हाताने तोंड पुसलं.

"आजीची विहीर अशीच गोड होती," तो म्हणाला. "एका वर्षी भरती आत शिरली. दुसऱ्या दिवशी आजीने चहा केला... खारट. सगळ्यांनी तो पिऊन टाकला."

त्यानंतर तो दर रविवारी यायला लागला. कधी नारळाचा पाव घेऊन, कधी नुसताच.

"परत आलास?"

"भांडी राहिली होती ना."

निखाऱ्यावरच्या आमच्या रोट्या तो हमखास करपवायचा.

"कोळसा करायची कला कुठे शिकलास रे?"

"तुमच्याकडच्या मुली सगळ्यांनाच असे टोमणे मारतात?"

"छे! फक्त आवडत्या—" मी जीभ चावली. तो रोटी उलटायची विसरला. तीही करपली.

मग बातमी आली. सोमवारी सकाळी बोअरचं यंत्र घेऊन ट्रक येणार.

"मी फाटकात बसणार," तेबाऊ म्हणाला.

"वेडा आहेस? पोलिसांनी धरलं तर व्हिसा जाईल. घरची सगळी तुझ्यावर अवलंबून आहेत."

"लोरेल, समुद्र आला तेव्हा त्याच्यापुढे बसून उपयोग नव्हता. ट्रकला ब्रेक असतो."

मी आत्याकडे पाहिलं. उत्तर तिने दिलं.

"फाटकात आम्ही बसणार. जमीन आमची, मग अटकही आमची. तू पलीकडे सरकारी रस्त्याच्या कडेला उभा राहा आणि गा."

"नुसतं गाऊ?" त्याचा चेहरा उतरला.

"मदतीला आलायस ना, पोरा? मग आम्ही मागू ती मदत कर."

सोमवारी आम्ही फाटकात हातात हात गुंफून बसलो. समोर ट्रक, त्याच्यामागे पोलीस. तेवढ्यात मिनीबस आली. पांढरे गमबूट, पांढरे कोट, कामावर जायच्या वेशात तेबाऊ आणि त्याची सगळी मंडळी रस्त्याच्या कडेला ओळीने उभी राहिली आणि गायला लागली. शब्द मला कळत नव्हते. पण आवाज छातीत उतरत होता... ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. डोकं स्टिअरिंगवर टेकवलं, आणि शेवटी ट्रक मागे घेतला. त्या ट्रकवाल्याची बायको या मंडळींच्याच चर्चमध्ये गाते, हे नंतर कळलं.

त्याच आठवड्यात कोर्टाने सुनावणीपर्यंत काम थांबवलं. आम्ही नाचलो. तेबाऊ मात्र नाचला नाही. त्या सकाळी कामाला उशीर झाला, म्हणून कारखान्याने बाकीच्यांना तंबी दिली होती आणि त्याचा संपत आलेला करार पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं होतं; करार संपला की व्हिसाही संपणार.

बसथांब्यावर मी त्याच्याशी भांडलेच.

"तुला माहीत होतं हे होणार!"

"अंदाज होता."

"आणि मी आवडते की नाही, तेही न सांगता निघालास?"

त्याने बॅग खाली ठेवली. "सांगितलं असतं तर पाय निघाला नसता."

"आता तिकीट हातात आहे. आता सांग."

तो त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. हळू, दोनच शब्द... माझ्या कपाळाला कपाळ टेकवून.

"कळलं नाही," मी म्हटलं. खरं तर कळलं होतं.

"गावी आम्ही किनाऱ्यावर खारफुटी लावतोय. भरती अडवायला. चिखलात उभं राहणारी माणसं कमी पडतात." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तिकडे आलीस तर... अर्थही सांगेन."

"सुनावणी झाली की येते."

"खरंच?"

"मला तू हवा आहेस, तेबाऊ. बेटाचं नंतर बघू."

बस त्याला घेऊन गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच उभी होते. मग गाडीत येऊन डोळे पुसले. आत्या शेजारी बसून शांतपणे सफरचंद खात होती.

"पासपोर्ट आहे का गं तुझ्याकडे?"

"नाही."

"मग रडतेस काय? पासपोर्टचा अर्ज पोस्टात भरतात. पोस्ट बंद व्हायच्या आत गाडी काढ."