चिमुरडीच्या हाताखालचा कुत्रा

मंगळवारी दुपारी फोन वाजला तेव्हा माझा मित्र चहा गाळत होता. 'बरं' म्हणाला आणि गाळणं हातात धरून तसाच उभा राहिला.

हवं तर त्याला जाऊन विचारा, पोरांनो, अजून हयात आहे. आम्ही त्याला बोळेबुवा म्हणतो. जुनी चित्रं कापसाच्या बोळ्याने बोट बोट साफ करणं हा त्याचा धंदा. एका आजीने त्याच्याकडे चित्र दिलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीची एक चिमुरडी, हात कशावर तरी टेकलेला. कशावर, ते काजळीखाली गेलेलं.

"कुत्रा आहे म्हणतात," आजी म्हणाली होती. "मी जन्मात पाहिला नाही. एकदा दाखव, बाबा."

काजळीखालून कुत्र्याचे कान आणि पाठ निघालीही होती. पण अर्धं काम गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही, हा बोळेबुवाचा नियम. आजी दोनदा दारातून परत गेली.

फोन तिच्या मुलाचा होता. आई गेली, म्हणाला. आणि त्याच दमात, चित्र कधी मिळेल?

त्या आठवड्यात बोळेबुवा झोपलाच नाही. नुसता धुमसत होता. त्या मुलावर, स्वतःच्या नियमावर, आणि चार दिवस थांबली नाही म्हणून आजीवरसुद्धा. माणूस गेलं की राग कुठेही जातो.

शनिवारी रात्री साडेबाराला मुलगा स्वतःच आला. हातात लाकडी मुठीची सुरी.

"गिऱ्हाईक ठरलंय. त्याला फक्त पोरगी हवी. ते जनावर कापून काढा."

"तुमच्या आईला तेच बघायचं होतं."

"आई नाही आता."

"तुम्हाला आठवलं म्हणायचं."

"तुमचं काम धुण्याचं. धुवा आणि गप्प बसा. कापता, की मी कापू?"

बोळेबुवा आडवा आला. मुलाने ढकललं. तो टेबलावर आदळला, दिवा खाली पडला. अंधार.

"काका, इथला लाईट राहू दे ना," ऐकणाऱ्या पोरांतलं एक मध्येच म्हणालं.

राहू दे. मला काय.

अंधारात चित्राचं कापड चिरल्याचा आवाज आला. चर्र... आणि थांबला.

गुरगुर. बारीक. चित्र टेकवलं होतं त्या भिंतीकडून.

"कुत्रा पाळलाय तुम्ही?"

"नाही."

"मग हे..."

...

सुरी पडली. मुलगा ओरडलासुद्धा नाही. जिन्यावर पावलं. फाटक. मग काही नाही.

बोळेबुवाने चाचपडत दुसरा दिवा लावला. चित्राच्या कडेला बोटभर चीर. सुरी फरशीवर. लाकडी मुठीवर दातांचे खोल वण... ओले.

"काका, मग चित्र नेलं त्याने?"

तो परत फिरकलाच नाही. चित्र अजून बोळेबुवाच्या भिंतीवर आहे. चीर सांधली. चिमुरडीचा हात, कुत्र्याची पाठ, शेपूट, सगळं लख्ख झालंय.

तोंडाकडचा भाग मात्र त्याने अजून साफ केलेला नाही.